दशावताराला लिहिलेली संहिता नसते : नाटकातून इंग्रजी बोलायला कसं शिकतात

मी सिंधुदुर्गात मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवते. काही वर्षांपूर्वी गॅदरिंगला सातवीच्या मुलांचं इंग्रजी स्किट बसवलं होतं. दवाखान्याचा प्रसंग होता. डॉक्टर झालेला मुलगा चार मिनिटं एकदाही न अडखळता बोलला. पालकांनी टाळ्या वाजवल्या, मलाही भरून आलं. पुढच्याच आठवड्यात शाळेच्या फाटकाशी एक परराज्यातले गृहस्थ आले आणि त्यांनी नेमकं त्याच मुलाला विचारलं, "व्हेअर इज द ऑफिस?" मुलगा गप्प उभा राहिला. मग त्याने हात वर करून ऑफिसकडे बोट दाखवलं.

"ऑफिस" हा शब्द त्याला येत होता. "गो स्ट्रेट" त्याच्या पुस्तकात होतं. प्रश्नही समजला होता, नाहीतर बोट बरोबर दिशेला गेलं नसतं. तरी तोंडातून एक शब्द फुटला नाही. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. मी त्याच्याकडून महिनाभर पाठांतर करून घेतलं होतं आणि त्यालाच बोलण्याचा सराव समजत होते.

पाठ केलेलं म्हणणं आणि बोलणं ही दोन वेगळी कामं आहेत. बोलताना आधी काय सांगायचं ते ठरवावं लागतं, मग शब्द शोधायचे, ते व्याकरणात बसवायचे, मग जीभ-ओठ हलवायचे. हे सगळं चालू असताना समोरच्याचंही ऐकायचं असतं. आणि वेळ किती? २००९ साली जगातल्या १० भाषांमधल्या गप्पांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एकाचा प्रश्न संपल्यापासून दुसऱ्याचं उत्तर सुरू होईपर्यंतचं अंतर त्यात सरासरी ०.२ सेकंदांच्या आसपास निघालं. उलट, समोरचं चित्र पाहून मनात त्याचं नाव शोधून ते उच्चारायला सुरुवात करायलाच साधारण ०.६ सेकंद लागतात. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपण आपलं उत्तर रचत असतो. मातृभाषेत हे आपसूक घडतं. परक्या भाषेत ते घडावं म्हणून जो सराव लागतो, तो पाठांतरातून मिळत नाही. पाठ केलेल्या स्किटमध्ये काय सांगायचं हे आधीच ठरलेलं असतं, शब्द दुसऱ्याने शोधलेले असतात. मुलाच्या वाट्याला फक्त जीभ हलवणं उरतं.

मग नाटकाचा उपयोग नाही का? आहे, आणि फार मोठा आहे. फक्त तो प्रयोगात नसून तालमीत आहे, आणि तालीमही विशिष्ट प्रकारची हवी. ती कशी असावी हे मला आमच्या गावच्या जत्रेत कळलं.

दशावतार हे कोकणातलं लोकनाट्य ज्यांनी रात्रभर जागून पाहिलं आहे त्यांना वेगळं सांगायला नको. आधी गणपती, रिद्धी-सिद्धी, संकासुर असा आडदशावतार होतो आणि मग आख्यान सुरू होतं. परंपरेने या आख्यानाला लिहिलेली संहिता नसते. आज कुठलं कथानक, कोण राजा, कोण राक्षस, कुठल्या प्रवेशात काय घडणार, एवढं ठरतं. संवाद मात्र कलाकार रंगमंचावर उभा राहूनच बोलतो. समोरच्या राजाने एखादं वाक्य वेगळं टाकलं तर त्याला तिथल्या तिथे उत्तर द्यावं लागतं. कथा पक्की, शब्द मोकळे.

इंग्रजी बोलायला शिकणाऱ्या मुलाला नेमकं हेच हवं असतं. कथा पक्की असली की "आता काय बोलू" ही अर्धी धास्ती जाते, आणि शब्द मोकळे असले की ते शोधायचं काम त्यालाच करावं लागतं.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. दहावीपर्यंत मूल दहा वर्षं ही भाषा ऐकतं, वाचतं, लिहितं. तरी बोलता का येत नाही, हा प्रश्न पालक दरवर्षी विचारतात. याचं एक चांगलं उत्तर कॅनडातून आलं. तिथे इंग्रजी घरांतल्या मुलांना सगळे विषय फ्रेंचमधून शिकवणाऱ्या शाळा होत्या. त्या मुलांचं फ्रेंच ऐकून समजणं उत्तम होतं, पण बोलण्या-लिहिण्यात ती बरीच मागे राहिली. मेरिल स्वेन या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी १९८५ साली यावर म्हणणं मांडलं की नुसतं समजेल असं ऐकणं पुरत नाही. स्वतः बोलावं लागतं, आणि समोरच्याला कळलं नाही तर तेच पुन्हा नीट करून सांगावं लागतं. ऐकताना आपण दोन-चार शब्दांवरून अंदाज बांधतो आणि भागतं. बोलताना अंदाजावर भागत नाही, क्रियापद लागतंच.

आमच्या वर्गात हे घडतच नाही, कारण समोरच्याला न कळण्याचा प्रश्नच येत नाही. मी "व्हॉट इज युवर फादर?" विचारते, मूल "फार्मर" म्हणतं. वडील काय करतात हे मला आधीपासून ठाऊक असतं आणि मला ठाऊक आहे हे मुलालाही ठाऊक असतं. ज्याला माहीत आहे त्यालाच सांगायचं, तर पूर्ण वाक्याची गरज कुणाला वाटेल?

सोंगाआडचं धैर्य

दुसरी अडचण लाजेची. हा मुलांच्या स्वभावाचा दोष नव्हे. १९८६ साली अमेरिकेत हॉर्विट्झ, हॉर्विट्झ आणि कोप या तिघांनी परकी भाषा शिकतानाची भीती मोजण्यासाठी ३३ विधानांची एक प्रश्नावली तयार केली, आणि ही भीती इतर विषयांच्या भीतीपेक्षा निराळी असल्याचं दाखवलं. गणित चुकलं तर गणित चुकतं. परक्या भाषेत बोलताना चुकलं तर आपणच अडाणी दिसतो. एरवी मालवणीत सगळ्या वर्गाला हसवणारी मुलगी इंग्रजीत तीन वर्षांच्या पोरासारखी बोलायला लागते, आणि हे तिचं तिलाच ऐकू येतं. तेरा-चौदा वर्षांच्या वयात ते सोसत नाही.

याबाबत १९७२ सालचा एक विचित्र प्रयोग आहे. अलेक्झांडर गियोरा आणि सहकाऱ्यांनी प्रौढ माणसांना अगदी थोडी दारू दिली आणि त्यांच्याकडून थाई भाषेतले उच्चार करून घेतले. थोड्याशा दारूने उच्चार सुधारले. "मी कसा दिसतोय" यावरची मनाची पकड सैल झाली की जीभ परक्या आवाजांकडे वळते, असा त्यांचा तर्क होता. वर्गात ती पकड सैल करायला आपल्याकडे सोंग आहे. एकनाथांच्या भारुडांपासून आपण सोंग घेत आलो. सोंग घेतलेला माणूस एरवी जे बोलणार नाही ते बोलतो. "हॉटेलचा मॅनेजर" चुकला तर मॅनेजर चुकतो, बाकावरचा मुलगा सुटतो. डोक्याला टोपी, हातात रजिस्टर एवढ्यानेही फरक पडतो. मी रोज पाहते.

पाहुणा आला

आता आमच्या वर्गातला प्रसंग नीट उलगडून सांगते, कारण सगळी मेख त्यात आहे.

प्रसंग आहे तारकर्लीच्या होम-स्टेचा. आमच्या मुलांना इंग्रजी कशाला हवं, याचं खरं उत्तर गावातच आहे. बंगळुरू, चेन्नईहून पर्यटक येतात, त्यांतल्या काहींना हिंदी येत नाही. शिवाय शाळा सोडलेली कितीतरी मुलं शेजारी गोव्यात हॉटेलांत कामाला जातात. तेव्हा कथा अशी: पाहुणा खोलीत उतरला आहे, गीझर चालत नाही, घरात मोठं माणूस नाही, चौदा वर्षांच्या मुलीला निभवायचं आहे.

पहिली फेरी मालवणीत. इंग्रजीच्या तासाला मालवणी कशाला, असं एका पाहुण्या शिक्षकांनी विचारलं होतं. कारण कथा आधी पोटात उतरायला हवी. पाहुणा ओरडतो, "गरम पाणी येना नाय ओ!" मुलगी म्हणते, "वायच थांबा, बाबांका इचारतंय." पाच मिनिटांत प्रसंग जिवंत होतो: पाहुणा चिडतो, मुलगी चुलीवर पाणी तापवून द्यायचं कबूल करते, तो विचारतो किती वेळ लागेल. हे सगळं मुलांनी सुचवलेलं असतं. दशावतारासारखं कथानक ठरलं.

दुसरी फेरी इंग्रजीत, जमेल तशी. इथे पाहुणा मी होते. ब्रिटनमधल्या डोरोथी हीथकोट (१९२६–२०११) यांनी शिक्षकाने स्वतः भूमिकेत शिरण्याची पद्धत रुजवली. चौदाव्या वर्षी शाळा सोडून कापडगिरणीत काम केलेल्या या बाई पुढे न्यूकॅसलला शिक्षकांच्या शिक्षिका झाल्या. शिक्षक भूमिकेत शिरला की तो परीक्षक उरत नाही. मी खरोखरच पाणी नसलेली पाहुणी असते, मला मराठी येत नाही, आणि मला समजलं नाही तर ते सांगायची मला मुभा असते. "सॉरी, आय डोन्ट अंडरस्टँड" हे वाक्य शिक्षिका म्हणून मी उच्चारलं तर मूल खचतं. पाहुणी म्हणून उच्चारलं तर ते दुसऱ्या शब्दांत सांगायला लागतं. स्वेनबाई म्हणत होत्या ते हेच.

या फेरीत काय काय बाहेर येतं! मी हाक मारली तर एक मुलगा लगबगीने म्हणाला, "आय केम, सर, आय केम!" मला सर म्हणाला, कारण पाहुणा त्याच्या मनात पुरुष होता. पण "आय केम" ऐकून मी थांबले. आपण मराठीत अजून स्वयंपाकघरातच असताना "आलो, आलो!" म्हणतो. निघताना "येतो" म्हणतो. मुलाने मराठीचं शब्दशः इंग्रजी केलं होतं, आणि ते उलटं पडलं: तिथे येत असताना "आय ॲम कमिंग" आणि निघताना "आय ॲम लीव्हिंग". हा फरक व्याकरणाच्या कोष्टकात सापडत नाही. काळ शिकवताना मी तो कधीच शिकवला नव्हता.

तसंच आदराचं. एक मुलगी पाहुणीला म्हणाली, "गिव्ह मी युवर आधार कार्ड." तिच्या मनात "आधार कार्ड द्या" होतं, आणि त्यातला सगळा मान "द्या" या रूपात आहे. इंग्रजी "गिव्ह" मात्र आजोबांना आणि धाकट्या भावाला एकच, आणि "यू" तर सगळ्यांनाच. मराठीत क्रियापदाच्या शेवटी बसलेला आदर इंग्रजीत वाक्याच्या सुरुवातीला सरकतो: "मे आय सी युवर आधार कार्ड, प्लीज?" मी पाहुणी म्हणून थोडी नाराज झाले, भुवया उंचावल्या, आणि तिने ते टिपलं. तालमीनंतर तिने स्वतःहून विचारलं, "बाई, तुम्हाला राग का इलो?" मग मी "मे आय" आणि "कुड यू" शिकवलं. आधी शिकवलं असतं तर वहीत राहिलं असतं.

तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या फेरीत भूमिका बदलतात. पाहुणा भांडखोर होतो, मग कमी ऐकू येणारा म्हातारा होतो, मग लाइट जाते. वाक्यं तीच, पण दरवेळी थोडी वळवावी लागतात. भाषाशिक्षणात हे मोलाचं मानतात. न्यूझीलंडचे पॉल नेशन यांनी लोकप्रिय केलेला एक सराव आहे: तीच गोष्ट एकाला ४ मिनिटांत सांगायची, दुसऱ्याला ३ मिनिटांत, तिसऱ्याला २ मिनिटांत. ऐकणारा बदलतो म्हणून सांगणारा कंटाळत नाही, आणि मजकूर ओळखीचा झाल्यामुळे अडखळणं कमी होत जातं. तेच वाक्य वीस वेळा म्हणायला सांगितलं तर मुलं कंटाळतात, तालमीत तीच मुलं स्वतःहून म्हणतात, "बाई, आजून एकदा."

मधल्या चुकांचं काय? चालू प्रसंगात मी दुरुस्त करत नाही. कागदावर टिपते, आणि प्रसंग संपल्यावर तीनच चुका घेते, ज्यांमुळे पाहुण्याला कळलं नाही अशा. "शी go" आणि "शी goes" यांतला फरक त्या दिवशी राहिला तरी चालतो. तो लेखी तासाला होतोच.

सगळ्यात मोठा फायदा मला उशिरा लक्षात आला. आमच्या मुलांना इंग्रजीत प्रश्न विचारता येत नाहीत. येणार कसे? वर्गात प्रश्न विचारायचं काम शिक्षकाचं, उत्तर द्यायचं मुलांचं. दहा वर्षं उत्तरं देऊन झाली की प्रश्न विचारायचं वळणच पडत नाही. म्हणून प्रसंगानंतर आम्ही त्या पाहुण्याला खुर्चीवर बसवतो आणि बाकीचा वर्ग त्याला विचारतो: तू एकटा का आलास, इतका का चिडलास, घरी कोण असतं? खुर्चीवरच्या मुलाने भूमिकेतूनच उत्तर द्यायचं. पहिल्या दिवशी "यू अँग्री व्हाय?" येतं. महिन्याभरात "व्हाय आर यू अँग्री?" आपोआप नाही, पण बऱ्याच जणांच्या तोंडी बसतं.

"च" कुठे गेला?

उच्चारांबद्दल बोलताना लोक "व" आणि "डब्ल्यू", "थ" आणि "टीएच" यांवर फार अडतात. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती शब्दावर जोर देण्याची पद्धत, आणि तिथे नाटकासारखी शाळा नाही.

मराठीत जोर द्यायचा तर आपल्याकडे "च" आहे, "तर" आहे, "सुद्धा" आहे. "मीच मागवली", "मी मागवलीच", "मी मासेच मागवले". अर्थ बदलायला एक अक्षर पुरतं, आवाज फारसा बदलला नाही तरी चालतं. इंग्रजीत हे बरंचसं काम आवाज करतो. "आय डिडन्ट ऑर्डर फिश करी" हे एकच वाक्य घ्या. "आय" उचललं तर मी नाही, दुसऱ्या कुणी मागवली. "ऑर्डर" उचललं तर मी फक्त चौकशी केली होती. "फिश" उचललं तर मला चिकन करी हवी होती. "करी" उचललं तर मासा तळलेला हवा होता. आपली मुलं सगळे शब्द एकाच पट्टीत म्हणतात, आणि मग "च" साठी "ओन्ली" लावतात: "आय ओन्ली टोल्ड". फिश करीचं वाक्य पाटीवर चार वेळा लिहून काही होत नाही. ताटात चुकीची गोष्ट आली आहे असा प्रसंग द्या, चार मुलांना चार वेगळ्या तक्रारी चिठ्ठीवर द्या, वाक्य मात्र तेच म्हणायला सांगा, आणि वेटरने ओळखायचं की नक्की काय चुकलं. नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत: आंगिक, वाचिक, आहार्य, सात्त्विक. त्यांतला वाचिक अभिनय म्हणजे इंग्रजीच्या तासाला अर्धा अभ्यासक्रम आहे असं माझं मत आहे.

वर्गात पन्नास-साठ मुलं असतात, त्यांचं काय करायचं, हे शिक्षक मला हमखास विचारतात. एका जोडीने बोलायचं आणि बाकीच्यांनी बघायचं असं केलं तर तास फुकट जातो. प्रत्येक बाकावरच्या दोघांनी एकाच वेळी तो प्रसंग करायचा. गोंगाट होतो, शेजारच्या वर्गाला आधी सांगून ठेवावं लागतं. मी सगळ्यांचं ऐकू शकत नाही, पण दहा मिनिटांत प्रत्येक मूल पाच मिनिटं बोललेलं असतं.

काही मुलं तरीही उभी राहत नाहीत. त्यांना ओढून पुढे आणू नये, त्याने दहशत वाढते. आमच्याकडे कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्यांची कला जपली आहे. ती पाहून आल्यावर मुलांनी मोज्यांच्या बाहुल्या केल्या. वर्षभर गप्प असलेला एक मुलगा टेबलाखाली बसून बाहुलीच्या तोंडून सहा वाक्यं बोलला. चेहरा दिसत नव्हता, एवढीच त्याची अट होती. पडद्यामागून रेडिओवरच्या नाटकासारखं बोलणं हाही तसाच उपाय.

नाटकाने सगळं होतं असा माझा दावा नाही. शब्दसंग्रह वाढायला वाचनच लागतं. आणि दहावीला इंग्रजीचे ८० गुण लेखी, २० तोंडी असताना लेखीकडे पाठ फिरवून चालत नाही. पण त्या २० गुणांची तोंडी परीक्षा पुष्कळ ठिकाणी पुन्हा पाठांतराचीच होते, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तिथे दोन मुलांना एक प्रसंग देता आला तर बोलण्याची खरी परीक्षा होईल.

गॅदरिंगची स्किटं आम्ही बंद केली नाहीत, मुलांना ती हवी असतात. फक्त आता त्यांत मोकळ्या जागा ठेवतो. गेल्या डिसेंबरात होम-स्टेचा प्रसंग रंगमंचावर होता. मध्येच प्रेक्षकांतल्या कुणालाही पाहुणा म्हणून वर बोलवायचं आणि त्याने मनात येईल ते इंग्रजीत विचारायचं, एवढं ठरलेलं. एका पालकांकडे आलेले बंगळुरूचे पाहुणे वर आले. त्यांनी विचारलं, "डू यू हॅव फिश फॉर डिनर?"

यजमान झालेली मुलगी सेकंदभर थांबली. "सॉरी सर. नो फिश. टुडे इज मंडे."

सगळा मांडव हसला. पाहुण्यांना काही कळलं नाही. "व्हाय? व्हॉट हॅपन्स ऑन मंडे?"

हे तालमीत कधीच झालं नव्हतं. तिने एकदा विंगेत माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा त्यांच्याकडे वळली. "मंडे इज... शंकर, सर. लॉर्ड शिवाज डे. माय ग्रँडमदर विल नॉट कुक फिश. यू ईट टुडे व्हेज. टुमॉरो आय गिव्ह यू बांगडा."

"व्हॉट इज बांगडा?" त्यांनी विचारलं, आणि ती दोन्ही हातांनी माप दाखवत सांगायला लागली.